एक कांडी कमी

१७ मार्च

अखेर कोर्टाचा हुकूम हातात पडला. जप्त स्फोटके सरकारजमा करण्यात यावीत व नियमानुसार नष्ट करण्यात यावीत. एवढं एक वाक्य लिहायला त्यांना दोन वर्षं लागली. ज्याच्या खाणीवर विनापरवाना माल सापडला, त्यानं गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि घरी जाऊन जेवला. माल मात्र माझ्याकडं. पोलीस ठाण्यात स्फोटकं ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांनी जवळचं परवान्याचं कोठार शोधलं आणि ते नेमकं माझं निघालं. हवालदार विजयसिंह तेव्हा म्हणाले होते, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे अण्णा. मी मान डोलावली. ही मान एक दिवस मला गोत्यात आणणार, असं विजयमाला लग्नापासून सांगते आहे.

माझा स्वतःचा धंदा गेल्या दिवाळीला बंद केला. तीस वर्षं लोकांच्या विहिरींच्या सुरुंगांना माल पुरवला, आता पुरे. उरलेला साठा कंपनीला परत केला. आता गगनबावडा रस्त्याच्या माळावर ते दगडी कोठार, आत सरकारच्या दोन पेट्या, आणि बऱ्याच लांब राखणदाराची खोली. खोलीत केरबा आणि त्याची बायको शालूबाई राहतात.

आदितीला त्याच माळावर जनावरांचा दवाखाना बांधायचा आहे. जनावरांची डॉक्टर झाली, पण भाड्याच्या गाळ्यात म्हैस उभी करता येत नाही. कोठारात माल आहे तोवर आसपास ठरावीक अंतरात बांधकाम करता येत नाही. आधी माल जाणार, मग परवाना परत करणार, मग बांधकामाची परवानगी. माझ्या पोरीचं सगळं त्या दोन पेट्यांवर अडलं आहे.

संध्याकाळी माळावर जाऊन केरबाला हुकूम वाचून दाखवला. चिडून म्हणालो, बघ कसा कायदा आहे, आत जिलेटिनची एक कांडी जरी असली तरी परवाना बंद होत नाही आणि राखणदारालाही काढता येत नाही. तो म्हणाला, "एक असली तरी?" मी म्हटलं, एक असली तरी. त्यानं परत तेच विचारलं. वय झालं बिचाऱ्याचं, ऐकू कमी येतं.

९ एप्रिल

आजचा दिवस फोनवर गेला. ठाण्यातले म्हणतात, नष्ट करणं आमचं काम नव्हे, बॉम्बनाशक पथकाचं. पथकातले म्हणतात, आम्ही तयार आहोत, पण स्फोटक खात्याचा लेखी सल्ला आल्याशिवाय पेटीला हात लावणार नाही. खात्यातले म्हणतात, सल्ला लगेच देतो, पण पोलिसांनी मागितला पाहिजे, तुम्ही कोण? मी कोण, हे मलाही धड सांगता येईना. माल माझा नाही, गुन्हा माझा नाही, जबाबदारी तेवढी माझी.

शेवटी वैतागून म्हणालो, मग मीच उचलतो आणि पंचगंगेत सोडतो. पलीकडचा माणूस न चिडता म्हणाला, तसं करू नका, सरकारजमा माल परस्पर पाण्यात टाकला किंवा पुरला तर तो नवा गुन्हा होतो, आणि तो तुमच्यावर होतो. किती शांत माणूस. त्याच्या अंगणात पेट्या नाहीत.

विजयमालानं दिवस मावळायच्या आत जेवायला बसवलं. ताटावरही मी खात्याला शिव्याच घालत होतो. ती म्हणाली, निदान घास गिळेपर्यंत तरी मौन पाळा. मौन पाळलं, त्यामुळं ठसका लागला.

२० एप्रिल

अखेर पोलिसांनी सल्ला मागितला, खात्यानं दिला. पथक पाहणीला येणार म्हणून कोठार झाडून घेतलं. दाराला दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडं, एक केरबाकडं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही वडिलांपासूनची पद्धत. एका पेटीचं पोलिसांचं सील वाळवीनं खाल्लं आहे. गेल्या पावसाळ्यातच मी कळवलं होतं. येतो म्हणाले होते, अजून येताहेत.

मधेच फाटकाशी आदितीनं गाडीचा भोंगा वाजवला. बांधकामवाल्याला घेऊन आली होती. मी बाहेर गेलो. गोठा इथं, औषधांची खोली तिथं, असं तिचं चाललं होतं. राखणदाराच्या खोलीकडं बोट दाखवून तिनं त्याला काहीतरी बजावलं. माझं लक्ष नव्हतं, डोक्यात ते सील होतं. परत आलो तोवर केरबानं आतलं सगळं झाडून दार लोटलंही होतं. एरवी मी सांगितल्याशिवाय दार लोटत नाही. घामानं चिंब झाला होता. म्हटलं, एवढी घाई कशाला करतोस, या वयात झेपेल तेवढंच कर. मी माझं कुलूप लावलं आणि आलो.

२८ एप्रिल

पथक आलं. साहेब तरुण, कामाचा वाटला. कोठारापासून लांब, रस्त्यापासून लांब, विजेच्या तारांपासून लांब, अशी माळावरची एक सपाट जागा त्यानं पसंत केली. खड्डा इथं घेऊ म्हणाला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात केरबा म्हणाला, "सायेब, तितं टिटवीची अंडी हाईत."

खरंच होती. खड्यांत खड्यासारखी चार अंडी. साहेब हसला आणि दुसरी जागा बघू म्हणाला. दुसरी जागा शेजाऱ्याच्या उसाला लागून, तिथं आगीची भीती. तिसऱ्या जागेवरून तारा जातात. मी म्हटलं, अंडी जरा बाजूला सरकवू. पण मी घरी पोचायच्या आत केरबानं विजयमालाला फोन केलेला.

दारातच तिनं सांगितलं, पिल्लं निघून चालती झाल्याशिवाय तिथं काही उडवायचं नाही. मी म्हटलं, तीस वर्षं या घरानं सुरुंगांवर भाकरी खाल्ली, तेव्हा कुणी टिटवीला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणून आता तरी विचारा." साहेबाला भीतभीत फोन केला, तर तो आनंदानं तयार. त्याला म्हणे बंदोबस्ताची दुसरी ड्यूटी लागलीच होती.

केरबाला पाखरांची इतकी माया मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. टिटवी ओरडली की अपशकुन म्हणून गेल्या साली हाच दगड भिरकावत होता.

७ मे

आजचं आजच लिहून ठेवायला हवं.

टिटवीची पिल्लं चार दिवसांपूर्वी गेली. आज सगळे आले. पथक, विजयसिंह, दोन पंच, पाण्याचा बंब. माल नष्ट करायच्या आधी जप्तीच्या पंचनाम्याशी मोजून ताडून बघायचा, असा नियम. पहिली पेटी बरोबर भरली. दुसरीत एक कांडी कमी. परत मोजली. कमीच. मी स्वतः मोजली. कमीच.

साहेबाचा चेहराच बदलला. तो मला अण्णा म्हणत होता, तो एकदम 'परवानाधारक' म्हणायला लागला. सरकारजमा स्फोटक परवानाधारकाच्या ताब्यातून गहाळ, म्हणजे गुन्हा माझ्यावर. शोधायला उद्या दुपारपर्यंत वेळ दिला, त्यानंतर तक्रार नोंदवणार. पेट्यांना नवीन सील आणि दाराशी एक पोलीस ठेवून गेले. गेल्या पावसाळ्यापासून ज्या सीलासाठी गळा काढला, ते आज मिळालं.

कुणी नेली? ज्याचा माल जप्त झाला तो खाणवाला आत येऊच शकत नाही. मला विजयसिंहांचा संशय येतो. त्यांनी जप्तीच्या दिवशीच मोजायला चूक केली असणार आणि आता गप्प बसले आहेत. तोंडावर तसं बोललोही. ते लालबुंद झाले. म्हणाले, अण्णा, तुमच्या वयाकडं बघून ऐकून घेतो.

सगळे गेल्यावर केरबा चहा घेऊन आला. कपबशी वाजत होती. तोही घाबरला असणार. म्हणाला, "अण्णा, ह्येच्यात तुमास्नी धरत्यात?"

म्हटलं, मग कुणाला धरतील? परवाना माझ्या नावावर आहे. मी आत गेलो की आदितीच्या दवाखान्याचंही संपलं.

"म्या ऱ्हातो की हितं. राखणदार म्या हाय."

म्हटलं, केरबा, कायद्याला राखणदार दिसत नाही, त्याला फक्त मालक दिसतो. चहा मी प्यायलोच नाही.

८ मे

सापडली. भगवंता, सापडली.

सकाळी पोचलो तर केरबा दाराशी पोलिसाजवळ बसलेला. म्हणाला, परत एकदा झाडून बघू. पोलीस, तो आणि मी आत गेलो. केरबा सरळ मागच्या कोपऱ्यात गेला, भिंतीच्या लाकडी फळ्यांमागं हात घातला आणि कांडी बाहेर काढली. काल तिथंच मी दोनदा बॅटरी मारली होती. माझे डोळेही आता तपासायला हवेत.

साहेब आला, बघितली, खूण जुळवली. इतकी नीट कशी राहिली, म्हणाला. विजयसिंहांनीच सांगितलं, घुशीनं ओढली असेल साहेब, या माळावर घुशी लई. पंचनाम्यात तसंच लिहिलं, पंचांनी सह्या केल्या. कांडीवर दात लागल्याची एक खूण नाही, धूळ नाही, आणि ती हिरव्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली. घुशी काय काय ओढून नेतील सांगता येत नाही. मी सगळ्यांसमोर केरबाची पाठ थोपटली. त्याला कौतुकाची सवय नाही, खाली मान घालून निघून गेला.

विजयसिंहांची माफी मागायला हवी. आज नाही मागितली, पुन्हा केव्हातरी.

९ मे

झालं एकदाचं. चारी बाजूला लाल निशाणं लावली, रस्ता दोन्हीकडून अडवला, शिट्ट्या झाल्या. खड्ड्यातून एकच आवाज आला आणि माती उडाली. बंबवाल्यांनी पाणी मारलं. साहेबानं खड्ड्यात उतरून काही उरलं नाही याची खात्री केली, सही दिली. दोन वर्षांचा ताप इतक्या पटकन संपला याचाच राग आला.

केरबा तिकडं पाठ करून बसला होता. शालूबाई पदरानं डोळे पुसत होती. धूर बराच होता.

१२ जून

माल गेला म्हणून परवाना रद्द होतो, असं मला वाटत होतं. त्याला अर्ज. अर्जाला नाशाचा दाखला. दाखल्यावर आणखी एक सही पाहिजे, आणि ती करणारे रजेवर. तोवर माझं रिकामं कोठार कायद्यानं कोठारच आहे. रिकाम्या कोठाराची राखण चालू आहे. पाऊस धो धो. आदिती रोज विचारते, पप्पा, आलं का पत्र? मी तिच्यावरच ओरडतो.

१९ ऑगस्ट

आलं पत्र. परवाना रद्द. विजयमालानं देवापुढं दिवा लावला. मी तडक माळावर गेलो आणि केरबाला म्हणालो, आजपासून तू मोकळा. आता राखायला काही उरलं नाही.

तो "बरं" म्हणाला. म्हटलं, घाई नाही, दिवाळीपर्यंत राहा, मग शाहूवाडीला गावी जाऊन भावाबरोबर भातशेती बघ, आराम कर. शालूबाई म्हणाली, "गावात घर हाय की दिराचं. आमास्नी तेवढं दार न्हाय त्याला."

म्हटलं, दाराचं काय एवढं, कोठाराची सागवानी दारं निघतीलच, त्यातलं एक घेऊन जा. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आनंद झाला.

२६ ऑगस्ट

माळावरून येताना बघितलं, केरबा हातात काठी घेऊन कोठाराभोवती फेरी मारतोय. कुलूप ओढून बघितलं, पुढं गेला, परत आला. पाऊस भुरभुरत होता. मी गाडी थांबवून ओरडलो, अरे आत काही नाही, भिजतोस कशाला?

"आत काय न्हाय ते म्हाईत हाय की अण्णा."

"मग?"

"भाईर आमी हाय."

उत्तराचा अर्थ लागेना. चिडचिड झाली. एवढी वर्षं झाली, हा माणूस कधी सरळ बोलला नाही.

३१ ऑगस्ट

दशलक्षण पर्व चालू आहे. बस्तीत जिनदेवाचं दर्शन घेऊन आल्यावर आदितीबरोबर बसलो. बांधकाम दसऱ्याला सुरू करायचं ठरलं. मी म्हटलं, केरबा दिवाळीला गावी जाईल, मग त्याची खोलीही पाडून घे, जागा सुटसुटीत होईल.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच जनावर आणि मला काहीतरी रोग झालाय.

"पप्पा, केरबामामा कुठं चाललेत? तिथं आजारी जनावरं मुक्कामाला असणार. राखणदार नको? ती खोली तशीच ठेवायची, हे मी बांधकामवाल्याला एप्रिलमध्येच बजावलं. तुमच्या देखत."

मी म्हटलं, मग त्याला का नाही सांगितलंस?

"तुम्ही सांगितलं असेल असं वाटलं. मालक तुम्ही."

मी सांगितलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं. आणि ठाऊक नव्हतं कारण ती बोलत होती तेव्हा मी सरकारला मनातल्या मनात शिव्या देत होतो. मार्चपासून मी या माणसाशी जे जे बोललो, ते कागद, सही, सील आणि पेटी याबद्दल. तू पुढं काय करणार, हे एकदाही विचारलं नाही. पत्र आलं त्या दिवशीही विचारलं नाही, नुसतं सांगितलं. वर दार घेऊन जा म्हणालो.

जेवताना मार्चमधली ती संध्याकाळ आठवली. एक असली तरी? एक असली तरी. त्याच्यामागोमाग झाडलेलं कोठार आठवलं, लोटलेलं दार, घाम, टिटवी. हिरवा धडपा आठवला. शालूबाईचं हिरवं लुगडं मी माळावर वाळत घातलेलं शंभरदा पाहिलं आहे. घुशीचं नाव विजयसिंहांनी घेतलं आणि मी सुटकेच्या आनंदात ते खरं मानलं. भाईर आमी हाय, असं तो म्हणाला, आणि मी म्हणालो हा सरळ बोलत नाही.

राग आला, आधी त्याचा, कारण त्यानं मला जवळजवळ तुरुंगात धाडलं होतं. मग लक्षात आलं की त्यानंच मला सोडवलंही. मला धरणार म्हटल्यावर त्यानं आपलं राहतं घर फळीमागून काढून साहेबाच्या हातात दिलं. मग राग माझाच आला आणि तो काही जाईना. विजयमाला म्हणाली, आज मौन न सांगता पाळताय.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. आठ दिवस झाले तरी जमलं नाही असं पुढं लिहावं लागू नये. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

८ सप्टेंबर

आठ दिवस लागलेच.

आज क्षमावणी. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर क्षमा मागायची, लहानमोठं बघायचं नाही. सकाळी आधी विजयसिंहांना फोन केला. ते म्हणाले, अण्णा, कशाबद्दल? आठवण करून दिल्यावर म्हणाले, आता परत राग आला बघा. हसले आणि मिटलं.

दरवर्षी केरबाच आमच्या घरी येतो, दाराशी उभा राहून हात जोडतो आणि लाडू घेऊन जातो. मीही हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतो आणि पुढच्या माणसाकडं वळतो. आज तो निघायच्या आत मी माळावर पोचलो. खोलीत दोन बोचकी बांधून ठेवली होती. दिवाळी लांब आहे, तरी बांधलेली. शालूबाईनं घोंगडं अंथरलं. मी बसलो नाही. हात जोडले आणि म्हणालो, उत्तम क्षमा, केरबा. तुमचा दोघांचा विचार मी केला नाही.

तो गडबडला. मालक आपल्या दारी येऊन हात जोडतो हे त्याला चालेना. त्यानं माझे हात धरून खाली केले. मग म्हणाला, "अण्णा, औंदा मलाच मागायची हाय. ती कांडी..."

"कुठली कांडी?"

"ती, फळीमागची."

मी म्हटलं, ती घुशीनं नेली होती. सरकारी पंचनामा आहे, दोन पंचांच्या सह्या आहेत. सरकारी कागद खोटा पाडायचा नाही, नाहीतर आपल्या दोघांना परत सगळ्या ऑफिसांत फिरावं लागेल. माझ्यात ते बळ राहिलेलं नाही.

शालूबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. या वेळी मी धुरावर ढकललं नाही.

मग त्याला दवाखान्याचं सांगितलं. आदितीनं ही खोली पहिल्यापासून धरलेली आहे, मुक्कामाला जनावरं असणार, त्यांना राखण लागणार, बोचकी सोडा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बोचक्यांकडं बघितलं, कोठाराकडं बघितलं.

"म्हंजी आत जनावर असंल तवर राखणदार लागंल?"

म्हटलं, लागेल.

"एक असलं तरी?"

एक असलं तरी, मी म्हणालो. त्यानं परत विचारलं. मी परत सांगितलं. ऐकू त्याला चांगलं येतं.